अकरा वेळा ‘उत्तर नाही’

एकदा काय झालं, धर्माच्या अभ्यासात पीएचडी करणारी एक मुलगी डोंगरातल्या एका छोट्या देवळात जाऊन राहिली. हुशार म्हणजे किती, विचारू नका! समाजशास्त्र वाचलेलं, मानसशास्त्र वाचलेलं, इतिहास तर तोंडपाठ. आणि नियम एकच: आपण फक्त बघायचं, मध्ये पडायचं नाही.

देवळात एक म्हातारा गुरव. रोज संध्याकाळी नैवेद्य दाखवायचा आणि मोठ्याने विचारायचा, “जेवलीस का गं आई?” रीत अशी, की देवीच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी “जेवले, आता तू जेव” म्हणायचं. मगच गुरवाने घास घ्यायचा. इतकी वर्षं त्याची बायको म्हणायची. ती वैशाखात गेली. गाव तर कधीच शहराकडे उतरून गेलेलं. तरी म्हातारा विचारायचा, समई विझेपर्यंत थांबायचा, मग गार भात नुसता चिवडायचा. दिवसेंदिवस वाळत चालला होता बिचारा.

मुलीने वहीत लिहिलं, ‘उत्तर नाही.’ दुसऱ्या दिवशीही तेच. असे अकरा दिवस!

बाराव्या दिवशी तिचे म्हातारे सर आले. पक्के नास्तिक, हं! गुरवाने विचारलं, “जेवलीस का गं आई?” आणि सर खणखणीत आवाजात म्हणाले, “जेवले. आता तू जेव.”

गुरव गर्रकन वळला. मग देवीकडे बघून पुटपुटला, “केवढा उशीर केलास!” आणि पान पुढे ओढून गरम गरम जेवला.

बाहेर येताच मुलगी उसळली, “सर! सगळी नोंद बिघडवलीत! आणि तुमचा तर विश्वाससुद्धा नाही!”

“नाहीच,” सर म्हणाले. “तुझी शास्त्रं खरी आहेत, ती सोडू नकोस. रीत कशी घडली, कशी मोडते, ते सांगतीलच ती. पण अगं, अकरा दिवस तो प्रश्न ऐकणारं दुसरं माणूस तिथे कोण होतं? बघणाराही नोंदीत धरावा लागतो. तू स्वतःला वगळलंस. नोंद तेव्हाच बिघडली.”

सर सकाळच्या एसटीने गेले.

संध्याकाळी पुन्हा तोच प्रश्न आला. होस्टेलच्या खोलीत कित्येक महिन्यांत तिलाही कुणी हे विचारलं नव्हतं.

“जेवले,” ती म्हणाली. “आता तू जेव.”

मग तिने वहीत ‘उत्तर’ या शब्दापुढे पहिल्यांदाच स्वतःचं नाव लिहिलं. आणि खाली एक ओळ: परवा मी गेले, की कोण?