ओल्या कुरणातली मोजडी

तुळाजीराव देसायांनी पाटाच्या पाण्यावर भर उन्हाळ्यात हिरवंगार कुरण उभं केलं होतं, आणि आल्यागेल्याला ते दाखवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. एकदा त्यांचे व्याही आले. देसायांनी लगेच गाई कुरणात सोडायचा हुकूम दिला.

गाईंची सारी देखभाल साळूबाईकडे होती. ती म्हणाली, "सरकार, कुरणाला आज सकाळीच पाणी दिलंय. जमीन जरा वाळू द्या. चिखलात गवत तुडवलं जाईल आणि गाईंचे खूर सडतील."

"गाय काय कागदाची आहे?" देसाई व्याह्यांकडे बघत हसले. "सोडतेस, की उद्यापासून दुसरं माणूस बघू?"

वासरं होती तेव्हापासून वाढवलेल्या त्या गाई साळूबाईच्या डोळ्यांपुढे लंगडताना दिसू लागल्या. ती हात जोडून म्हणाली, "सोडते, सरकार. पण पाहुण्यांसमोर पहिलं पाऊल धन्याचंच पडावं. तुम्ही पुढं व्हा, गाई मागून येतील."

देसाई खुशीत पुढे झाले. दुसऱ्याच पावलाला चिखलाने जरीची मोजडी गिळली आणि पाय तेवढा मोकळा वर आला.

साळूबाई शांतपणे म्हणाली, "सरकार, मोजडी नवी शिवून मिळेल. गाईला नवा खूर कोण शिवून देणार?"

आधी व्याह्यांना हसू फुटलं, मग देसायांनाही. त्यांनी हुकूम मागे घेतला आणि पाहुण्यांना गाई गोठ्यातच दाखवल्या, एका पायाने अनवाणी उभं राहून.