पाण्याला घाबरणारा वादळ्या

“पण मग खरा वादळ्या कोणता, एवढं तरी सांगा ना!”

सुधन्वा कारखानीस हे जवळजवळ ओरडूनच म्हणाला. टेकडीवरच्या मठात असं कुणी ओरडत नसे.

गोदडबुवा मारुतीपुढे बसून तेलात शेंदूर कालवत होते. शनिवार होता. त्यांनी मान वर केली नाही.

“त्यो कोन?”

सुधन्वाला धक्काच बसला. वादळ्या माहीत नसलेला माणूस जगात असू शकतो, आणि तो आपला गुरू असू शकतो, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

मग त्याने सांगितलं. वादळ्या म्हणजे चित्रकथेतला वीर. भरघोस मिशा, निळा शेला, मुक्काम दीपगृहात. बुडणाऱ्याला एका हाताने समुद्रातून वर काढणारा. सुधन्वा शाळेत असल्यापासून त्याचे अंक जमवत आला होता. चाहत्यांचं मंडळ त्यानेच काढलं होतं, अध्यक्षही तोच. वादळ्याबद्दल कुणाला शंका आली की लोक सुधन्वाला फोन करत. तो फोन यावा म्हणूनच हा माणूस जगतो, असं त्याची बायको म्हणायची.

“आणि आता कुणी नवा लेखक आलाय, बुवा. त्याने वादळ्या पुन्हा पहिल्यापासून लिहिला. मिशा काढल्या! शेला काढला! बोलताना अडखळतो. आणि... पाण्याला घाबरतो. वादळ्या, पाण्याला!”

“मंग बुडनाऱ्याला काढत न्हाई?”

“काढतो.”

“कसा?”

“घाबरत घाबरत.”

“आरं वा,” बुवा म्हणाले आणि शेंदूर कालवत राहिले.

सुधन्वाने कामाचं बोलणं काढलं. आज संध्याकाळी मंडळ चौकात नव्या अंकांची होळी करणार होतं. त्या होळीला बुवांच्या धुनीतला विस्तव हवा होता.

नव्या घराची चूल पेटवायची असली किंवा लग्नघरी पहिलं आधण ठेवायचं असलं की पंचक्रोशीतली माणसं या धुनीतला विस्तव नेत. पुस्तकं जाळायला आजवर कुणी मागितला नव्हता. बुवा नाही म्हणणार, असं सुधन्वाला वाटलं होतं. त्यासाठी त्याने मुद्दे तयार ठेवले होते.

बुवा उठले. त्यांनी चिमट्याने एक निखारा उचलला.

“मडकं?”

विस्तव न्यायला लोक राख भरलेलं मडकं आणतात. सुधन्वाने फक्त खांद्याची पिशवी आणली होती. बुवांनी एक फुटकं खापर शोधलं, निखारा त्यात टाकला आणि त्याच्या हातात दिला.

“फुकत ऱ्हा. न्हाईतर इझंल.”

सुधन्वा फुंकू लागला. मुद्दे वाया गेले म्हणून त्याला थोडं वाईटही वाटलं.

“जाळनार त्ये कुटं हाय?”

त्याने पिशवीतून एक अंक काढला. कोपरे दुमडलेले, मुखपृष्ठावर आमटीचा डाग.

“तुजा?”

“मैथिलीचा... माझ्या मुलीचा.”

“तिनं दिला?”

सुधन्वाने निखाऱ्यावर फुंकर मारली.

“तिच्या उशाखाली होता.”

बुवांनी शेंदराचे हात फडक्याला पुसले, भिंतीला टेकून बसले आणि पहिलं पान उघडलं.

ते सावकाश वाचत. शब्दाखाली बोट, ओठ हलते. दुसऱ्या पानावर ते हसले. पुढे एकदा “आगं आई” म्हणाले. पुन्हा मागचं पान काढून एक चित्र निरखून बघितलं.

सुधन्वाचा नुसता जळफळाट झाला. आपल्या गुरूने, आपल्यादेखत, त्या बिनमिशीच्या उपऱ्याला दाद द्यावी!

“बुवा, मी जुना अंकही आणलाय. अगदी पहिला. प्लास्टिकमध्ये आहे, हा बघा...”

“ठेव तितं.”

त्यांनी डोळेसुद्धा वर केले नाहीत. सुधन्वाने पहिला अंक पुन्हा पिशवीत ठेवला.

बऱ्याच वेळाने बुवांनी विचारलं, “ह्यो पान्याला का भितो रं?”

“लहानपणी त्याची बहीण होडीतून पडली होती,” सुधन्वा चिडूनच म्हणाला. “त्याने तिचा हात धरला होता. तो सुटला. म्हणून पाण्यात उतरायच्या आधी तो मूठ आवळून बघतो. दर वेळी. आणि शेवटी तो त्या म्हातारीला काढतो ना, तेव्हा किनाऱ्यावर आल्यावरही तिचा हात सोडत नाही. ती म्हणते, सोड रे आता, जमीन आली. आणि तो...”

“आन त्यो?”

“तो म्हणतो... अजून थोडा वेळ.”

“कितींदा वाचलंस?”

“रोज वाचतो. मैथिली शाळेत गेली की.”

खापरातला निखारा राख झाला होता. फुंकायचं त्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

“मंग चांगलं हाय म्हन की.”

“चांगलंच आहे, बुवा! तेच तर...” सुधन्वाचा आवाज पुन्हा चढला. “वाईट असतं तर मी थुंकून मोकळा झालो असतो. माझे सगळे अंक मी तिच्यासाठी जपले. ती मोठी झाली की दोघं मिळून वाचू म्हणून. तिने कधी ढुंकूनही पाहिलं नाही. आणि हा कोण कुठला काल आला, आणि ती जेवताना त्याला वाचते. हसते. रडते. मला एका शब्दाने विचारत नाही, बाबा, हा वादळ्या कोण. मला! अख्खा जिल्हा मला विचारतो! मी तिच्यावर जळतो, बुवा. पोटच्या पोरीवर.”

“तुजं अंक तिला दिलं व्हतंस?”

“दाखवले होते.”

“हातात?”

“पानं फाटतात, बुवा. मी उलटायचो. ती बघायची.”

शेंदराची वाटी घेऊन बुवा मारुतीकडे वळले.

त्या मारुतीचंही एक झालं होतं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराची जाड खोळ एका चैत्रात आपोआप सुटून पडली. रिवाजाप्रमाणे गावाने ती वाजतगाजत नदीत सोडली. आतून निघालेला मारुती निराळाच होता. मोठे वटारलेले डोळे गेले आणि लहानसं, जरा हसरं तोंड आलं. तेव्हापासून दर्शनाला रीघ लागायची.

“जुना लई दांडगा दिसायचा,” बुवा म्हणाले. “उभी हयात त्याला त्याल लावलं म्या. मंग ह्यो निघाला. कंदी टेकडी न चढलेली मानसं ह्याच्या पाया पडाय आली. आन ह्यो बी त्यांच्याकडं बघून हसतोय.”

“तुम्हाला काय वाटलं?”

“लई राग आला.”

“आणि आता?”

“आता बी येतो.”

“तरी त्याला तेल लावता?”

“शनवार येतोय की.”

सुधन्वा हसला नाही. तो मुलीच्या अंकाकडे बघत होता.

बुवांनी तो उचलून त्याच्यापुढे धरला.

“दुसरा इस्तू देऊ?”

सुधन्वाने मान हलवली. नको. त्याने अंक घेतला, पण पिशवीत टाकला नाही.

“शाळेतून आली असेल ती आता,” तो म्हणाला. “उशी उलटून बघितली असेल. रडत असेल... तिला काय सांगू मी, बुवा?”

“कायबी सांगू नगंस. हे तिच्या हातात दे. शेजारी बस. आन इचार, बाई, ह्यो पान्याला का भितो, मला कळंना.”

“पण मला तर पानन्‌पान पाठ आहे! मी तिच्याशी खोटं...”

बुवांनी शेंदराचं बोट मारुतीच्या कपाळाला लावलं.

“तेवढं पाप माज्या माथी.”