रेडिओने दिलेली तार

सन २०१९च्या वैशाखात इंदुमती कासार यांच्या घरचा जुना संगणक बंद पडला. आतली बॅटरी गळली होती आणि तिच्या खाराने बोर्डावरची तांब्याची रेघ खाल्ली होती. बाईंनी लिंबाच्या रसाने खार पुसला, पण तुटलेली रेघ सांधायला बारीक तार मिळेना. संगणक भंगारात जाणार होता.

फळीवरचा रेडिओ म्हणाला, "माझी घे."

"उष्टं मी घेत नाही," संगणक म्हणाला.

"गाढवा, ती तुझीच आहे. मी बंद पडलो तेव्हा बाईंनी तुझ्यातली जादा तार मला लावली."

"मग तू मुका होशील."

"तिच्यावर इतकी वर्षं गायलो. पोट भरलं."

रेडिओने तार सैल सोडली. ती लोंबताना दिसली, तशी बाईंनी काढून रेघेच्या दोन टोकांना कथलाने जोडली. पडदा उजळला.