काठीबुवा

कुत्र्यांना लग्नाच्या पंगतीत मज्जाव होता, त्या काळातली गोष्ट. मुभा फक्त लाल पट्टा बांधून आंधळ्यांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांना. गुबगुबीत लाडोबाला मात्र जिलबीचा वास स्वस्थ बसू देईना. मालकिणीची लाल फीत कमरेला गुंडाळून तो ऐटीत मांडवात शिरला.

"कोण रे तू?" दारावरच्या बोक्याने हटकलं.

"मी? आंधळ्याची काठी!"

"या, या काठीबुवा!" बोक्याने अदबीने त्याला कोपऱ्यात नेऊन उभं केलं. "काठ्या इथे ठेवतात. पंगत उठेपर्यंत हलायचं नाही."

तिथे एक खरा वाटाड्या कुत्रा निवांत बसला होता. समोरून जिलब्यांचं ताट गेलं आणि लाडोबाच्या तोंडातून टपटप लाळ गळू लागली.

वाटाड्या हळूच म्हणाला, "काठीबुवा, पुसा ती. काठीला लाळ सुटत नाही."