झेंड्यावरचे तीन मासे

डेन्मार्कच्या किनाऱ्यावर सिल्डहाउन नावाचं एक गाव होतं. गावाच्या झेंड्यावर आणि मानचिन्हावर तीन हेरिंग मासे होते, आणि गावाला त्यांचा भारी अभिमान. एकदा राजाचा नवा सुभेदार हॉल्गर तिथे आला. झेंडा पाहून त्याने नाक मुरडलं.

"ही तर मासळीबाजाराची पाटी वाटते. मासे पुसा आणि तिथे माझा चेहरा रंगवा. नाहीतर बंदराला टाळं ठोकतो."

नगराध्यक्षांना घाम फुटला. बंदर बंद म्हणजे सगळं गाव उपाशी. तेवढ्यात मासे खारवण्याच्या वखारीची मालकीण मारेनबाई पुढे आली.

"आमची ना नाही, साहेब. फक्त राजेसाहेबांची एक अट आहे. त्यांच्या आजोबांनी हा झेंडा दिला तेव्हापासूनची. झेंड्यावर जे असेल ते दर नाताळला खारवायचं, पिंपात भरायचं आणि राजवाड्यात पोचवायचं. मेजवानीत पहिला मान त्याचाच असतो."

"बरं, मग?"

मारेनबाईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, अगदी ताजी मासळी पारखावी तसं.

"मग काही नाही. तुम्ही अंगाने चांगले भरलेले आहात, मीठ मुरायला वेळ लागेल. नाताळच्या महिनाभर आधीच या. बूट तेवढे घरी ठेवा, राजेसाहेबांना चामडं पचत नाही."

राजाची अट मोडायची सुभेदाराची छाती नव्हती. त्याने घोडा मागवला. जाताना झेंड्याखाली तो क्षणभर थांबला आणि टोपी काढून त्या तिन्ही माशांना त्याने वाकून मुजरा केला.