शब्दाचे शेजारी

डोंगराच्या कुशीत केवडेवाडी नावाचं चिमुकलं गाव होतं आणि गावाबाहेर होती मोगऱ्याची एक बाग. बाग दुसऱ्याची, पण तिच्या कुंपणाला टेकून उभी असलेली इवलीशी झोपडी मात्र कुमीच्या आईची. कुमीला वडील नव्हते. आई पहाटे उठून बागेत कळ्या खुडायची, दुपारी बाजारात गजरे विकायची आणि दिवेलागणीला दमूनभागून घरी यायची. तरी कधीकधी एकच भाकरी तिघी मायलेकींत वाटून घ्यावी लागे.

कुमी गरीब होती, पण गावात तिचा थाट विचारू नका! ती वाचायची इतकं खडाखडा, की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. श्रावणात देवळात पोथी लागली, की वाचायला कुमीच हवी. तिथली रीत अशी, की एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. कुमी ओळी म्हणून मोकळी व्हायची, म्हातारे दाजीबा अर्थ सांगायचे, आणि तेवढ्या वेळात कुमी खांबावरच्या चिमण्या बघत बसायची. अर्थ हे दाजीबांचं काम, आपलं नव्हे, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

पण घरी दाजीबा कुठून आणायचे?

घरी होती शेवू, कुमीची धाकटी बहीण. तापानं तिला पार पिळून काढलं होतं. ताप गेला, पण शेवू अंथरुणातच राहिली. घास पुढे केला की तोंड फिरवायची. गालांवरची लाली गेली, हात काडीसारखे झाले. वैद्यबुवा आईला बाजूला घेऊन म्हणाले, "औषधाचं काम संपलं, बाई. आता हिच्या मनाला उभारी आली, तरच ही उठेल. नाही तर मला काही खरं दिसत नाही." कुमीनं ते दाराआडून ऐकलं.

कुमीकडे गोष्टींचं एक जुनं पुस्तक होतं. शेवूला बरं वाटावं म्हणून ती त्यातली हरिणीची गोष्ट रोज वाचायची, अर्थात खडाखडा.

"ताई, व्याकूळ म्हणजे काय गं?" शेवूनं एकदा विचारलं.

"असतं काहीतरी. तू पुढे ऐक ना!" असं म्हणून कुमी पुढे धावली. शेवूनं हळूच भिंतीकडे तोंड वळवलं. त्यानंतर तिनं काही विचारलंच नाही.

सुटीच्या एका दुपारी कुमी आईची विसरलेली टोपली आणायला बागेत गेली. ऊन रणरणत होतं. कुंपणापाशी गोकर्णीचा एक वेल मान टाकून पडला होता. गोकर्ण काही गजऱ्यात जात नाही, म्हणून त्याला कुणी पाणीही घालत नसे. कुमीला त्याची फार दया आली. तिनं स्वतःसाठी आणलेलं तांब्याभर पाणी त्याच्या मुळाशी ओतलं.

आणि काय नवल! वेलावरची एकुलती एक निळी कळी टपकन उमलली. आत उभी होती करंगळीएवढी परी. निळाजांभळा झगा, चांदीच्या तारेचे चमचमते पंख आणि कपाळावर टपोरा दवबिंदू.

"तहान मारून पाणी दिलंस, बाळ," परी म्हणाली. "दोन इच्छा माग. पण माझा एक नियम आहे. जे मागशील ते तुला कळलेलं हवं. न कळलेल्या शब्दात मागितलंस, तर हाती पोकळ टरफल येईल."

कुमीनं नियम ऐकला, पण थांबणं तिला ठाऊकच कुठे होतं? ती एका दमात म्हणाली, "माझ्या शेवूला उभारी दे!"

तिच्या ओंजळीत एक सोनेरी शेंग येऊन पडली. झगझगीत, नक्षीदार! कुमीनं अधीर होऊन ती उघडली. आत काहीच नव्हतं.

कुमीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "मला अर्थ कोण सांगणार? तू तरी सांग ना!"

"सांगितलेला अर्थ जिभेवरच राहतो गं," परी तिच्या बोटावर येऊन बसली. "कुणाचं घर सापडत नसलं, की आपण काय करतो?"

"शेजाऱ्यांना विचारतो."

"शब्दालाही शेजारी असतात. त्याच्या मागेपुढे राहणाऱ्या शब्दांना विचार. मग स्वतःच्या मनात डोकावून बघ, असं आपल्याला कधी झालं होतं का. जा, मी थांबते."

कुमी घरी आली. शेवूच्या उशाशी बसून तिनं पुस्तक उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच सावकाश वाचलं, "पाडस रानात हरवलं. हरिणी व्याकूळ झाली. ती चरेना, पाणी पिईना. पान हललं तरी कान टवकारून वाटेकडे बघे."

कुमी थांबली. "शेवू, मला व्याकूळचा अर्थ येत नाही. येतो असं मी उगाच दाखवत होते. आपण दोघी शोधूया?"

शेवूनं मान वळवली. "ती खात नाही," ती पुटपुटली. "वाटेकडे बघते." तिनं दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "ताई, तू शाळेत जातेस आणि आई बाजारात. मग मी दाराकडे बघत राहते. पाऊल वाजलं की वाटतं, आई आली. पण ती नसतेच. व्याकूळ म्हणजे तसं का गं?"

कुमीनं शेवूला छातीशी घट्ट धरलं. इतके दिवस तिनं हरिणीची गोष्ट वाचली होती, आणि घरातली हरिणी तिला दिसलीच नव्हती!

"हो गं माझी सोनुली, तसंच," ती रडत म्हणाली. "आता शाळा सुटली की मी धावत येईन. कुठ्ठे थांबणार नाही."

शेवू कोपरावर रेलून अर्धी उठली. तिचे डोळे लुकलुकत होते. "मग पाडस सापडलं का? पुढे वाच ना! आणि ताई, भाकरी आहे का थोडी?"

संध्याकाळी आकाश केशरी झालं होतं, तेव्हा कुमी धावतच वेलापाशी आली.

"उभारी म्हणजे काय ते मी पाहिलं!" ती म्हणाली. "पुढे काय होईल ते बघावंसं वाटणं. शेवूला आज तसं वाटलं. तिनं भाकरी मागितली!"

"म्हणजे उभारी तर तूच दिलीस तिला," परी हसली. "मग आता काय मागतेस?"

या वेळी कुमीनं घाई केली नाही. "तिच्या पायांत बळ दे. आई दिवसभर राबते, घरी येऊन पुन्हा चूल पेटवते आणि वर आम्हाला हसून जवळ घेते. ते बळ. ते मला कळतं."

परीनं पंख पसरले. निळी, गुलाबी, सोनेरी किरणं बागभर सांडली. हजारो कळ्यांवर प्रकाशाचे थेंब नाचले आणि त्या लखलखाटात परी विरघळून गेली.

झोपडीच्या दारात, चौकटीला धरून, शेवू उभी होती. स्वतःच्या पायांवर!

"ताई, मला फटीतून नुसती झाक दिसली. तो उजेड कसा होता गं?" तिनं विचारलं.

कुमीच्या तोंडी झटकन उत्तर आलं होतं. ते तिनं गिळलं. बहिणीचा हात धरून ती उंबऱ्यावर बसली, डोळे मिटून तिनं तो उजेड पुन्हा एकदा पाहिला आणि मग एकेक शब्द निवडत, अगदी सावकाश सांगायला लागली.