गेनबा मामा आणि जीपचा सेल्फ

एका गावात एक भोळा जीपवाला होता. त्याचं नाव गेनबा आणि गाव वाकळवाडी. जीप वयानं त्याच्यापेक्षा मोठी होती, आणि लोक म्हणायचे, अकलेनंही. सकाळी गावातून माणसं भरायची, फाट्यावर उतरवायची, पुन्हा भरायची, हा त्याचा धंदा.

गेनबा कामाला चोख होता आणि स्वभावाला गोड. खोट म्हणाल तर एकच. सांगितलेलं तो तंतोतंत करायचा. एकदा एक म्हातारी त्याला म्हणाली, "लेकरा, पुढं बगून चालीव रं." गेनबा पुढं बघून चालवत राहिला. फाटा आला, फाटा गेला, मागची माणसं ओरडून ओरडून दमली, पण गेनबानं काही मान वळवली नाही. त्या दिवशी जीपमधली सगळी माणसं तीन मैल मागं चालत आली. सर्वांत पुढं ती म्हातारी होती.

ऐकलेलं तो कधी विसरायचा नाही. हीच तर पंचाईत होती.

गेनबाला एक थोरली बहीण होती, हौसाक्का. ती गावातच रंगरावाला दिलेली. त्यांची एकुलती एक लेक सगुणा. सगुणाचं लग्न ठरलं ते पिंपळखोऱ्याला, नवऱ्याच्या दारात. मुहूर्त शनिवारी दुपारी बारा वाजून पाच मिनिटांचा.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. गुरुजी माईकवरून पुकारतात, "मुलीच्या मामाने मुलीला आणावे." मग मामा भाचीचा हात धरून तिला अंतरपाटापाशी आणतो. एरवी मामाला कोण विचारतं? पण त्या घटकेला सगळा मांडव त्याच्याकडं बघत असतो. आणि सगुणाचा सख्खा मामा होता गेनबा.

रंगरावाला हे काही पटेना. तो म्हणाला, "ह्यो मान आपण शिवरामाला दिऊ. चुलतमामा म्हणून चालतोय की."

हौसाक्का म्हणाली, "माझा पाठचा भाऊ जित्ता असताना? सगुणा त्याच्याच जीपमधनं जाईल आन त्याच्याच हातानं हुबी ऱ्हाईल."

बराच वेळ वाद झाला. शेवटी रंगराव म्हणाला, "बरं. दोन घोटाळे मी पोटात घालीन. तिसरा झाला की मान शिवरामाचा."

हौसाक्कानं गेनबाला बोलावून घेतलं. समोर बसवलं. म्हणाली, "गेनबा, तुझ्या डोक्यानं काय बी करायचं न्हाई. जाणकार माणूस सांगंल तसंच करायचं. माझी लाज राख."

गेनबाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "बरं, आक्का." आणि ते त्यानं नीट लक्षात ठेवलं.

सोमवारी जीपचा सेल्फ, म्हणजे गाडी चालू करणारा स्टार्टर, बिघडला. चावी फिरवली की नुसतं टक् व्हायचं आणि गाडी गप्प. गेनबा फाट्यावर हसन मिस्त्रीकडं गेला. हसन मिस्त्रीच्या हातून पंचक्रोशीतली एकही गाडी सुटलेली नव्हती. त्याच्याहून मोठा जाणकार गेनबाला माहीत नव्हता.

मिस्त्रीनं वाकून बघितलं. "नवा सेल्फ तालुक्यावरनं मागवाय लागंल. आठ दिस."

"शनवारी लगीन हाय."

"मग तवर युक्ती सांगतो. ह्यो सेल्फ सुस्तावलाय. पान्यानं हळूच दोन टोले द्यायचे. जागा हुतो."

मिस्त्रीनं सेल्फवर दोन टोले दिले. चावी फिरवली. जीप सुरू झाली. गेनबा म्हणाला, "बरं." आणि ते त्यानं नीट लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो बहिणीच्या घरी गेला. रंगराव सोप्यात घोरत पडला होता. चार दिवस आमंत्रणं करून माणूस थकला होता. मांडवाचे बांबू घेऊन माणसं दारात येऊन थांबली होती. हौसाक्का चुलीपाशी होती. ती आतूनच म्हणाली, "गेनबा, दाजींना उठीव रं. दोन हाका मारल्या, पर उठंनात. लई सुस्तावल्यात."

गेनबा जीपपाशी गेला. पाना घेऊन आला. हळूच दोन टोले दिले.

रंगराव जागा झाला. युक्ती खोटी नव्हती. पण त्याच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं, आणि त्या टेंगळावर फेटा काही नीट बसेना.

"एक," रंगराव कपाळ धरून म्हणाला.

गेनबाला फार वाईट वाटलं. तो पुन्हा मिस्त्रीकडं गेला आणि घडलं ते सांगितलं. मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "टोले सेल्फला द्यायचे, दाजीला न्हाई. आन असा धांदरटासारखा कशालाबी हात घालू नगंस. आदी गाडी न्यूट्रलला टाक. हँडब्रेक वढ. चाकाला दगड लाव. चाक हलाय नगं. मग कामाला हात."

"चाक दिसलं की आदी दगड."

"हां. मग हात."

"बरं," गेनबा म्हणाला. आणि ते त्यानं नीट लक्षात ठेवलं.

बुधवारी हौसाक्कानं त्याला सिदू कुंभाराकडं पाठवलं. लग्नाची मडकी व्हायची होती. ती म्हणाली, "एकटाच हाय त्यो. जरा त्याला मदत कर."

सिदू कुंभार चाकावर बसला होता. चाक भिरभिर फिरत होतं. ओल्या मातीचं मडकं त्याच्या हाताखाली वर चढत होतं. गेनबा दारात उभा राहिला. चाक हलत होतं. आणि त्याला तर कामाला हात लावायचा होता. त्यानं अंगणातला एक चांगला चौकोनी दगड उचलला आणि फिरत्या चाकाला लावला.

चाक जागच्या जागी थांबलं. मडकं थांबलं नाही. ते उठलं आणि सिदू कुंभाराच्या डोक्यावर जाऊन बसलं. अगदी बरोबर मापाचं निघालं.

"आता बोला," गेनबा बाह्या सावरत म्हणाला, "काय मदत करू?"

मडक्यातून सिदू काय म्हणाला, ते इथं सांगण्यासारखं नाही. संध्याकाळी तो तसाच मातीनं माखलेला रंगरावाच्या दारात आला.

"दोन," रंगराव म्हणाला. आणि त्यानं शिवरामाला नवा फेटा आणून ठेवायला सांगितलं.

ते ऐकून गेनबाला रात्री भाकरी गेली नाही. भाचीला त्यानं खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली होती. तिला बोट धरून चालायला त्यानं शिकवलं होतं. आणि आता तिचा हात शिवराम धरणार? त्यानं ठरवलं, आता चुकायचं म्हणून नाही. सांगितलेलं एक अक्षरही सोडायचं नाही.

शुक्रवारी टोल्यांनीही सेल्फ जागा होईना. दाजी म्हणाले होते, लग्नाच्या दिवशी नव्या साड्या नेसलेल्या बायका जीपला धक्का मारताना दिसल्या तर मी विहीर जवळ करीन. म्हणून धक्क्याची वाट बंद. गेनबा पळत मिस्त्रीकडं गेला.

मिस्त्रीनं बॉनेट उघडलं. त्याला खाली वाकवलं. "नीट बग. ही बॅटरीकडनं आलेली वायर. ह्यो सेल्फ. मधलं हे बिघडलंय. मधल्याच्या नादाला लागायचं न्हाई. ही दोन टोकं पेचकसानं थेट जोडायची. समजलं?"

"समजलं."

"पर जीव सांभाळून. आदी न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाला दगड. गाडीच्या चाकाला. कुंभाराच्या न्हाई."

"हे आदी सांगायचं व्हतं."

"चावी चालू ठिवायची. तेल गळत असंल तर ठिणगी पाडायची न्हाई. अंगावर धातूचं काय ठिवायचं न्हाई, अंगठी नगं, घड्याळ नगं. पेचकसाची मूठ लाकडाची पायजे. गाडीच्या म्होरं हुबं ऱ्हायचं न्हाई, बाजूला ऱ्हायचं. दोन टोकं जुळली की ठिणगी पडंल, तिला भ्यायचं न्हाई. घर्र झालं, इंजिन लागलं, की त्याच दमाला काढून घ्यायचं."

"काय?"

"जोडलंयस ते. ततंच धरून बसलास तर समदं जळून खाक हुईल. लागलं की काढून घ्यायचं, हे इसरू नगंस. आन एकदा लागलं की घर येईपतूर बंद करायचं न्हाई."

मिस्त्रीनं ते त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तिन्ही वेळा एक शब्द चुकला नाही. मिस्त्री खूश झाला. गेनबा म्हणाला, "बरं." आणि ते त्यानं नीट लक्षात ठेवलं.

शनिवार उजाडला. सगुणा, हौसाक्का आणि चार करवल्या जीपमध्ये बसल्या. रंगराव टेंगळावर फेटा तोलत पुढं बसला. बहिणीनं गेनबाला नवाकोरा सफारी शिवला होता. तो घालून मामा कसा दिसतो, ते बघायला सगळे वळले.

गेनबा आला तो बनियन आणि पंचा गुंडाळून. डोक्याला मात्र नवा फेटा.

हौसाक्का म्हणाली, "सफारी कुठाय?"

"पँटीची चेन धातूची हाय, आक्का. हूक बी धातूचा. शर्टाची बटणं बी चकाकत्यात."

रंगरावानं तोंड उघडलं. हौसाक्का घाईनं म्हणाली, "ह्यो घोटाळा न्हाई. ह्यो पोशाख हाय." रंगरावानं तोंड मिटलं. हाताशी दुसरी जीप नव्हती.

गेनबानं गाडी न्यूट्रलला टाकली. हँडब्रेक ओढला. चार चाकांना चार दगड लावले. चावी चालू केली. तेल गळत नाही ना ते वास घेऊन बघितलं. मग बाजूला उभं राहून लाकडी मुठीच्या पेचकसानं दोन टोकं जोडली. ठिणगी पडली, करवल्या किंचाळल्या, गेनबा भ्याला नाही. घर्र झालं. त्याच दमाला त्यानं पेचकस काढून घेतला. जीप सुरू झाली. रंगरावाच्या तोंडून नकळत "शाब्बास" निघून गेलं. उभ्या जन्मात गेनबाला दाजींनी दिलेली ती पहिली शाबासकी.

बरोबर अकराला जीप पिंपळखोऱ्यात पोचली. गेनबानं ती मांडवाच्या दारात लावली. न्यूट्रल, हँडब्रेक, चार दगड. इंजिन बंद केलं नाही. घर अजून आलं नव्हतं.

बाराला गुरुजींनी पुकारलं, "मुलीच्या मामाने मुलीला आणावे." सगळा मांडव वळला. पंचा नेसलेला गेनबा भाचीचा हात धरून आला. पोरं खुदखुदली. पण त्याच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता, की हसणारी माणसंही गप्प झाली. हौसाक्कानं पदर डोळ्याला लावला. गेनबा समोर उभा राहिला नाही. बाजूला राहिला.

मंगलाष्टका सुरू झाल्या. गेनबा बघत होता. एका टोकाला सगुणा. दुसऱ्या टोकाला नवरदेव उत्तम. दोन टोकं समोरासमोर होती आणि मध्ये अंतरपाट होता. गेनबाच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडू लागला. त्यानं गुपचूप दोघांच्या पायांकडं बघितलं. दोघं पाटावर होते, हलत नव्हते. दगडाची गरज नव्हती.

बारा वाजून पाच मिनिटं झाली. शुभमंगल झालं, अक्षता पडल्या. अंतरपाट बाजूला झाला. हार घातले गेले. दोन टोकं जुळली.

बाहेर फटाक्यांच्या माळेला बत्ती दिली. ठिणग्या पडल्या. ताशा घर्र वाजू लागला.

लागलं, गेनबा मनात म्हणाला. आता त्याच दमाला काढून घ्यायचं.

त्यानं सगुणाचा हात धरला. सगुणाला वाटलं, मामाकडची काही रीत असेल. तीही निघाली. लोकांनी वाट दिली. मामा आहे म्हटल्यावर कोण अडवणार? त्यानं तिला जीपमध्ये बसवलं, चार दगड काढले, हँडब्रेक सोडला आणि निघाला. इंजिन चालूच होतं.

"मामा, कुठं चाललाय?" सगुणा म्हणाली.

"घरी."

"अवो, आत्ता तर लगीन लागलं."

"म्हणून तर."

वाजंत्र्यांना वाटलं वरात निघाली. ते वाजवत मागं पळाले. नवरदेव मुंडावळ्या सावरत त्यांच्या मागं पळाला. त्याच्या मागं रंगराव. वेशीपाशी फेटा टेंगळावरून सुटला तो सुटलाच. सगुणा आधी ओरडली, मग रडली, मग गप्प बसली. घर आल्याशिवाय मामा थांबायचा नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

वाकळवाडीत गेनबानं जीप दारात लावली. इंजिन बंद केलं. न्यूट्रल, हँडब्रेक, चार दगड. तासाभरानं मागून एक टेम्पो आला. त्यातून नवरदेव उतरला, रंगराव उतरला, हौसाक्का उतरली, आणि लग्नाला आलेला हसन मिस्त्रीही उतरला.

हौसाक्का तडक गेनबापाशी आली. म्हणाली, "गेनबा, काय केलंस रं हे?"

"माझ्या डोक्यानं काय बी केलं न्हाई, आक्का. जाणकारानं सांगितलं तसंच केलं. जुळलं, ठिणगी पडली, लागलं, काढून घेतलं." त्यानं नवरदेवाकडं मायेनं बघितलं. "अजून घटकाभर पोरगी ततं ठिवली असती, तर जावई जळून खाक झालं असतं."

सगळ्यांनी हसन मिस्त्रीकडं बघितलं. मिस्त्री टेम्पोच्या मागं जाऊन उभा राहिला.

"तीन," रंगराव म्हणाला. पण आता त्याचा उपयोग नव्हता. लग्न लागलं होतं, आणि मामाचा मान गेनबानं घेऊन झाला होता.

सगुणाला पुन्हा टेम्पोत बसवून सासरी पोचवलं. ती सुखानं नांदली. जीपला नवा सेल्फ बसला. पण त्या पंचक्रोशीत अजून लग्न लागताना गुरुजी माईक हातात घेतात, घसा साफ करतात आणि पुकारतात, "मुलीच्या मामाने मुलीला आणावे, आणि आणून तिथेच ठेवावे."